वाशीम जिल्ह्यातील घरगुती शीतकपाट : वीज, उष्णता आणि काटकसर यांचा एक सामाजिक इतिहास

सारांश

घरगुती शीतकपाट, म्हणजेच बोलीतील फ्रीज, ही वस्तू वाशीम जिल्ह्यातील सामान्य घरात शहरांच्या तुलनेने उशिरा आली. या वस्तूचा इतिहास सहसा उत्पादकांच्या आणि तंत्रज्ञानाच्या बाजूने सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो वापराच्या आणि देखभालीच्या बाजूने मांडला आहे. माठ, शिंके व वाळवण यांची जुनी साठवणपद्धती, ग्रामीण विद्युतीकरण, भारनियमन, विजेचा कमी दाब, वीजबिलाचे टप्पे, तारांकन आणि प्रशीतक वायूंतील बदल यांचा क्रमशः विचार केला असता असे दिसते की, शीतकपाटाचा कार्यक्षम वापर हा केवळ यंत्राच्या गुणवत्तेचा प्रश्न नाही. तो परिसराच्या हवामानाशी, वीजपुरवठ्याच्या दर्जाशी आणि कुटुंबाच्या साठवणविषयक जाणिवेशी निगडित आहे. शासनाच्या दृष्टीने ही वस्तू दीर्घकाळ चैनीची राहिली, तर कुटुंबाच्या दृष्टीने ती हळूहळू गरजेची झाली. या दोन दृष्टींतील अंतरही निबंधात तपासले आहे.

बीजशब्द : शीतकपाट, वाशीम, वऱ्हाड, ग्रामीण विद्युतीकरण, भारनियमन, ऊर्जाबचत, अन्नसाठवण.

प्रस्तावना

प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने ओळखले जाणारे आणि वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वाशीम हे नगर वऱ्हाडाच्या दक्षिण भागात वसले आहे. ब्रिटिश अमदानीत 'बासिम' हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडण्यात आला आणि वाशीम अकोला जिल्ह्याचा भाग झाले. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन आजचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० इतकी होती आणि तिच्यातील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहत होती. सोयाबीन, तूर, कापूस यांवर आधारलेली कोरडवाहू शेती हा येथील अर्थव्यवस्थेचा कणा आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाने ज्या जिल्ह्यांचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला, त्यांत वाशीमही होता.

अशा जिल्ह्यात शीतकपाटाचा अभ्यास करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. मात्र घरात अन्न किती दिवस टिकते, दूध संध्याकाळपर्यंत राहते की नासते, मधुमेही माणसाचे इन्सुलिन कोठे ठेवले जाते, हे प्रश्न कुटुंबाच्या आरोग्याशी आणि खर्चाशी थेट जोडलेले आहेत. त्यांची उत्तरे काळानुसार कशी बदलत गेली हे पाहणे म्हणजे जिल्ह्याच्या दैनंदिन जीवनाचा इतिहास पाहणे होय. राजकीय घडामोडींच्या इतिहासात स्वयंपाकघराला क्वचितच स्थान मिळते. ती उणीव अल्पांशाने भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. शीतकपाटापूर्वीच्या वऱ्हाडी साठवणपद्धतीचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे.
२. वीजपुरवठ्याच्या इतिहासाचा शीतकपाटाच्या प्रसाराशी व वापराशी असलेला संबंध पाहणे.
३. कार्यक्षम वापराचे व देखभालीचे नियम जिल्ह्याच्या परिस्थितीच्या संदर्भात तपासणे.
४. शीतकपाटाकडे पाहण्याच्या शासकीय दृष्टिकोनातील बदलाची नोंद घेणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचनाचा कालखंड मुख्यतः १९५८ पासून आजपर्यंतचा आहे. पार्श्वभूमीसाठी त्याआधीच्या काळाचा संक्षेपाने विचार केला आहे.

शीतकपाटापूर्वीची साठवण

वऱ्हाडातील उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर राहणे ही येथे नित्याची गोष्ट आहे. अशा हवेत अन्न टिकवण्याच्या तीन वाटा परंपरेने शोधल्या होत्या : गार करणे, वाळवणे आणि आंबवणे किंवा मुरवणे.

गार करण्याचे मुख्य साधन माठ व रांजण हे होते. कच्च्या मातीच्या भाजलेल्या भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते व त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते आणि ती आतल्या पाण्यातून घेतली जात असल्याने ते गार होते. ओल्या वाळूवर ठेवलेली दुधाची चरवी, भांड्याभोवती गुंडाळलेले ओले फडके, खिडकीला लावलेले वाळ्याचे पडदे ही सर्व याच तत्त्वाची रूपे होत. शिंक्यावर टांगलेल्या दुधा-दह्याच्या भांड्यांना मांजर-मुंग्यांपासून संरक्षण मिळे आणि भोवती हवाही खेळती राही. जाळीच्या कपाटाचेही हेच काम होते.

वाळवणाची परंपरा वऱ्हाडात विशेष समृद्ध होती. पापड, कुरड्या, सांडगे, मुगवड्या, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, मेथी व कोथिंबीर यांनी पावसाळ्याची बेगमी होत असे. दुधाचे दही, दह्याचे ताक, लोण्याचे तूप हा क्रम केवळ चवीचा नव्हता. प्रत्येक पायरीवर पदार्थाचे आयुष्य वाढत असे.

या व्यवस्थेला एक महत्त्वाची मर्यादा होती. माठाचे शीतकरण हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. वैशाखात हवा कोरडी असताना माठातील पाणी उत्तम गार होते. श्रावण-भाद्रपदात हवेत दमटपणा भरलेला असताना बाष्पीभवन मंदावते व माठ निष्प्रभ ठरतो. नेमक्या याच दिवसांत बुरशी व जिवाणूंची वाढ वेगाने होते, शिजवलेले अन्न लवकर विटते आणि वाळवणालाही ऊन मिळत नाही. म्हणजे परंपरेने उन्हाळ्याला समर्थ उत्तर दिले होते, पण पावसाळ्यातील ओल्या अन्नाला ताजे शिजवून ताजे खाण्याखेरीज दुसरा उपाय नव्हता. शीतकपाटाची जाहिरात नेहमी उन्हाळ्यात होत आली, परंतु वऱ्हाडी स्वयंपाकघरातील जुन्या व्यवस्थेची खरी उणीव ते पावसाळ्यात भरून काढते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

बर्फ ते शीतकपाट

पश्चिम भारतात बर्फाचा व्यापार शीतकपाटाच्या कितीतरी आधी सुरू झाला. अमेरिकेतील बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८३३ मध्ये तेथील गोठलेल्या तळ्यांतील बर्फ जहाजाने कलकत्त्यास पाठविला. त्यानंतर लवकरच मुंबईसही असा बर्फ येऊ लागला व तो साठविण्यासाठी तेथे बर्फघर बांधण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार संपला. कारखान्यातील बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात गुंडाळून गावोगावी जाऊ लागल्या. अंतर्भागातील लहान गावांना बर्फाची ओळख झाली ती लग्नसमारंभातील सरबत, जत्रेतील बर्फाचा गोळा आणि मीठ-बर्फाच्या मडक्यात जमविलेली कुलफी यांतून. बर्फ ही प्रसंगाची वस्तू होती, रोजची नव्हती.

द्रवाची वाफ करून थंडावा निर्माण करायचा, ती वाफ दाबून पुन्हा द्रवरूप करायची आणि हेच चक्र चालू ठेवायचे, या तत्त्वावरील यंत्राचे एकस्व जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. माठ आणि शीतकपाट यांचे मूळ तत्त्व बाष्पीभवनाचेच आहे. फरक इतकाच की, माठातील वाफ हवेत निघून जाते, तर शीतकपाटात कॉम्प्रेसर ती परत गोळा करतो आणि त्या कामासाठी वीज लागते. घरगुती विजेवर चालणारी शीतकपाटे अमेरिकेत १९१० व १९२० च्या दशकांत बाजारात आली. भारतात १९५८ मध्ये गोदरेज अँड बॉईस कंपनीने शीतकपाटांचे उत्पादन सुरू केले. त्यानंतरची तीन दशके केल्व्हिनेटर, ऑल्विन, व्होल्टास, गोदरेज अशी मोजकी नावे बाजारात होती. करांचा बोजा मोठा होता आणि शीतकपाट ही शहरी मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेची खूण मानली जात असे. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने परदेशी कंपन्या आल्या, स्पर्धा वाढली, हप्त्यांवर खरेदी सुलभ झाली आणि तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानांतही शीतकपाटे दिसू लागली.

विजेचे आगमन

शीतकपाटाचा प्रसार विजेच्या मागोमागच होऊ शकतो. स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड प्रथम मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना झाली. त्याच दशकात अकोला जिल्ह्यातील पारस येथील औष्णिक वीजकेंद्र कार्यरत झाले.

ग्रामीण विद्युतीकरणाचा भर आरंभी शेतीपंपांवर होता आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्यामुळे घरगुती ग्राहकाला मिळणाऱ्या विजेचे स्वरूप पंपाच्या गरजेने ठरले. एकाच रोहित्रावर शेतीपंप आणि घरे असल्यास रब्बी हंगामात पंप सुरू होताच विजेचा दाब खाली येई. दिवा मंद जळाला तरी चालतो, पंखा हळू फिरला तरी निभावते, पण शीतकपाटाचा कॉम्प्रेसर कमी दाबाला सुरूच होऊ शकत नाही. तो सुरू होण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, वेटोळ्यातून नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रवाह वाहतो, वेटोळे तापते आणि अखेरीस जळते. त्यामुळे खेड्यातील शीतकपाटाबरोबर व्होल्टेज स्टॅबिलायझर हा जवळजवळ अनिवार्य सोबती म्हणून आला. शहरातील ग्राहक शीतकपाटाची किंमत मोजतो, तर खेड्यातील ग्राहकाला विजेच्या दर्जातील उणिवेची किंमतही वेगळी मोजावी लागते, असे म्हणता येईल.

भारनियमनाचा काळ

६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. याच सुमारास राज्यातील विजेचा तुटवडा तीव्र झाला व पुढील काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. ग्रामीण भागात दिवसातील दहा-बारा तास वीज नसणे ही त्या काळात सामान्य बाब होती. गावठाण व शेतीपंप यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याची योजना आणि सायंकाळी लोकांनी स्वतःहून वीजवापर मर्यादित ठेवल्यास भारनियमनातून सवलत देणारी अक्षय प्रकाश योजना ही त्या काळातील महत्त्वाची पावले होत. २०१२ च्या सुमारास भारनियमनाची तीव्रता ओसरली. तरीही वीजगळती व थकबाकी अधिक असलेल्या वाहिन्यांवर ते पुढेही होत राहिले.

या काळाने शीतकपाटाच्या वापराची एक वेगळी शिस्त निर्माण केली. बंद शीतकपाटाचे दार न उघडल्यास आतील अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी टिकवतो. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणूनच वीज असताना फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या, वीज गेली की त्या खालच्या कप्प्यात दूध-भाजीजवळ ठेवायच्या आणि दार बंद ठेवायचे, ही युक्ती उपयोगी ठरते. एका अर्थाने हा जुन्या बर्फपेटीचाच पुनर्जन्म होता.

वीज परत आल्यानंतर लगेच शीतकपाट सुरू करणे मात्र धोक्याचे असते. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा वायुदाब समान होण्यास काही मिनिटे लागतात. त्याआधी तो सुरू केल्यास त्यावर मोठा ताण येतो. शिवाय वीज येते त्या क्षणी दाबातही चढउतार असतात. म्हणून तीन ते पाच मिनिटे थांबून बटण सुरू करावे, किंवा तितका विलंब आपोआप ठेवणारा स्टॅबिलायझर वापरावा, हा नियम भारनियमनाच्या प्रदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो.

विजेच्या अशाश्वततेवर पर्याय शोधण्याचाही प्रयत्न झाला. २००८ मध्ये गोदरेज कंपनीने मराठवाड्यातील उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशीव, येथे ग्रामीण स्त्रियांशी विचारविनिमय करून 'छोटूकूल' या लहान शीतपेटीची रचना केली. सुमारे ४३ लिटर क्षमतेच्या, वरून उघडणाऱ्या या पेटीत कॉम्प्रेसर नव्हता. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालू शकत असे. वरून उघडण्याच्या रचनेमागे साधे शास्त्र होते : थंड हवा जड असल्याने ती पेटीतून सांडत नाही. मात्र ज्या ग्रामीण कुटुंबांसाठी ती योजली होती, त्यांच्यात तिचा अपेक्षेइतका प्रसार झाला नाही. हप्ते भरायचेच, तर मग बर्फ जमणारे पूर्ण आकाराचे शीतकपाट का घेऊ नये, असा ग्राहकाचा हिशेब असल्यास त्यात नवल नाही.

कार्यक्षम वापर आणि देखभाल

शीतकपाट थंडी निर्माण करते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. बाहेरची हवा जितकी तप्त, तितके हे काम कठीण. ज्या तापमानाला प्रयोगशाळेत वीजवापर मोजला जातो, त्याहून वाशीममधील पत्र्याच्या छपराखालील स्वयंपाकघर मे महिन्यात कितीतरी तप्त असते. त्यामुळे लेबलवरील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष वापर अधिक होणे स्वाभाविक आहे. येथील घरासाठी म्हणूनच पहिला नियम जागेचा आहे. चुलीपासून वा गॅसच्या शेगडीपासून दूर, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला न टेकविता, मागे व बाजूंना हवा खेळण्यापुरते अंतर सोडून शीतकपाट ठेवले पाहिजे. अनेक घरांत ते शोभेसाठी बैठकीच्या खोलीत ठेवले जाते. ती खोली थंड व हवेशीर असेल, तर प्रतिष्ठेपोटी झालेली ही निवड शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच ठरते.

दुसरा नियम तापमानाचा आहे. मुख्य कप्प्यात ३ ते ५ अंश सेल्सिअस आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंश इतके तापमान अन्नसुरक्षेस पुरेसे असते. थर्मोस्टॅटची चकती उन्हाळ्यात पुढे सरकविली जाते, पण थंडीत ती मागे आणण्याचे राहून जाते. हिवाळ्यात वऱ्हाडातील रात्री चांगल्याच गार असतात. तेव्हा चकती कमी आकड्यावर आणल्यास वीज वाचते व भाजी गोठून खराबही होत नाही.

तिसरा नियम ठेवण्याच्या पद्धतीचा. गरम वरण वा दूध थेट आत ठेवल्यास त्याची उष्णता व वाफ दोन्ही कॉम्प्रेसरच्या माथी येतात. मात्र अन्न बाहेर फार वेळ ठेवणेही अयोग्य. परातीत पाणी घालून त्यात पातेले ठेवावे आणि निवताच झाकून आत ठेवावे. ही जुनी घरगुती रीत येथे पुरेपूर उपयोगी पडते. उघड्या भांड्यातील ओलावा बाष्पीभवनाने फ्रीजरभोवती बर्फ बनून साचतो, म्हणून झाकण आवश्यक आहे. कप्पे गच्च भरल्यास हवा फिरत नाही. आठवडी बाजारातून एकदम आठ दिवसांची भाजी आणणाऱ्या घरात हा दोष विशेष आढळण्याचा संभव असतो. भाजी निवडून, देठ काढून, कोरडी करून ठेवल्यास जागाही वाचते आणि नासाडीही टळते. बटाटे, कांदे, लसूण यांना शीतकपाटाची गरज नाही. पिण्याचे पाणी उन्हाळ्यात माठातच गार केल्यास शीतकपाटाचे दार दिवसातून कितीतरी वेळा कमी उघडते. माठ आणि शीतकपाट यांना प्रतिस्पर्धी न मानता कामाची वाटणी करून देणे, हाच या प्रदेशातील सर्वांत स्वस्त ऊर्जाबचतीचा मार्ग होय.

चौथा नियम देखभालीचा. दाराच्या कडेचे रबर सैल झाले की बाहेरची उष्ण, दमट हवा अखंड आत शिरते. कागदाचा तुकडा दारात धरून ते बंद करावे. कागद सहज निसटला तर रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे आणि तरीही फरक न पडल्यास बदलावे. पाठीमागील जाळीवर धूळ, कापसाचे तंतू व तेलकट काजळी साचते. वीज बंद करून ती दोन-तीन महिन्यांतून एकदा मऊ ब्रशने साफ करावी. सोयाबीन-तुरीच्या मळणीच्या दिवसांत गावातील हवा धुळीने भरलेली असते, म्हणून हंगाम संपताच ही सफाई करणे इष्ट. साध्या शीतकपाटात बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटर झाला की तो वितळवावा, कारण जाड थर उष्णतेच्या वहनाला अडथळा करतो. हा बर्फ सुरीने खरवडण्याची सवय मात्र घातक आहे. पातळ पत्र्याला छिद्र पडून गॅस निघून जातो आणि दुरुस्तीचा खर्च अनेक महिन्यांच्या वीजबचतीपेक्षा अधिक होतो. मागील बाजूची पाण्याची ताटली पावसाळ्यात डासांचे घर होऊ शकते, तीही नियमित धुवावी. लोखंडी कपाटाला ओल्या फरशीवर विजेचा धक्का बसू नये यासाठी योग्य भूसंपर्कन, म्हणजेच अर्थिंग, असणे हा तर जीविताचा प्रश्न आहे.

इन्सुलिनसारख्या औषधांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. त्यांना २ ते ८ अंश तापमान लागते. ती फ्रीजरमध्ये वा त्याला चिकटून ठेवल्यास गोठून निकामी होतात आणि दाराच्या कप्प्यात वारंवार गरम हवा लागते. मधला कप्पा हीच त्यांची योग्य जागा होय.

वीजबिल आणि तारांकन

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ नुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ मध्ये उपकरणांच्या तारांकनाची योजना सुरू झाली. फ्रॉस्ट फ्री शीतकपाटांना २०१० पासून हे लेबल सक्तीचे करण्यात आले. साधी शीतकपाटे त्यानंतर सक्तीच्या कक्षेत आली. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जातात. त्यामुळे जुन्या वर्षीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे यांना समान मानता येत नाही. लेबलवरील वर्ष आणि वार्षिक युनिट यांकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

महावितरणच्या घरगुती दररचनेत १०० युनिटांपर्यंतचा टप्पा स्वस्त असून त्यापुढील युनिटांचा दर बराच चढा असतो. समजा, एखाद्या कुटुंबाचा इतर वापर महिन्याला ८० युनिट आहे आणि शीतकपाटाच्या लेबलवर वर्षाला २०० युनिट लिहिले आहेत. म्हणजे महिन्याला सरासरी १७ युनिट. एकूण वापर ९७ युनिट होऊन कुटुंब पहिल्याच टप्प्यात राहते. तेच शीतकपाट सैल रबर, धुळकट जाळी व भिंतीला टेकलेली पाठ यांमुळे दीडपट वीज घेऊ लागले, तर एकूण वापर १०५ युनिटांवर जातो व वरची पाच युनिटे चढ्या दराने मोजावी लागतात. अल्प उत्पन्नाच्या घरात देखभालीचे मोल या उंबरठ्यावर कळते.

प्रशीतक वायूंतील बदल

जुन्या शीतकपाटांत आर-१२ हा क्लोरोफ्लुरोकार्बन वायू असे. तो ओझोन थराला हानिकारक असल्याचे सिद्ध झाल्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. पुढे आर-१३४ए आणि आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, यांचा वापर सुरू झाला. आयसोब्युटेन ओझोनला निरुपद्रवी असून त्याचा जागतिक तापमानवाढीवरील परिणामही अत्यल्प आहे. मात्र तो ज्वलनशील आहे. परिणामी गावातील दुरुस्तीच्या व्यवसायाचे स्वरूप बदलले. 'गॅस भरणे' हे आता अंदाजाचे काम राहिले नाही. वायूचा प्रकार पाहून, मोजक्या ग्रॅमचे वजन करून, ज्योत दूर ठेवून ते करावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रशीतन व वातानुकूलन अभ्यासक्रमाचे ग्रामीण भागातील महत्त्व यामुळे वाढले आहे. निकामी शीतकपाट भंगारात देताना नळ्या तोडून वायू हवेत सोडणे घातक असून अशा वस्तू ई-कचरा नियमांच्या कक्षेत येतात.

चैन की गरज

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबांना गरिबांच्या विचारातून आपोआप वगळण्याचे काही निकष होते. घरात शीतकपाट असणे हा त्यांपैकी एक होता. २०१६ पासून राबविलेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्येही हा निकष आला. म्हणजे मातीच्या भिंतीच्या घरात एखादे जुने, दुसऱ्या हाताने घेतलेले शीतकपाट असल्यास ते कुटुंब घरकुलास अपात्र ठरू शकत होते. यंत्र चालू आहे की बंद, त्यात लग्नातील भेट आहे की आजाऱ्याचे औषध, याला त्या रकान्यात जागा नव्हती. वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा, २०१७ मध्ये, शीतकपाटावर २८ टक्के कर होता. जुलै २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. २०२४ मध्ये घरकुलाच्या अपात्रतेच्या निकषांतून शीतकपाट, दुचाकी व दूरध्वनी यांसारख्या बाबी वगळण्यात आल्या. भारतातील उत्पादनाच्या आरंभापासून सहासष्ट वर्षांनी या वस्तूवरील श्रीमंतीचा शिक्का या योजनेपुरता पुसला गेला.

निष्कर्ष

१. वऱ्हाडातील पारंपरिक साठवणपद्धती कोरड्या उन्हाळ्यास अनुरूप होती. पावसाळ्यातील तिची उणीव शीतकपाटाने भरून काढली. म्हणून शीतकपाट हे परंपरेचे उच्चाटन नसून तिला मिळालेली जोड आहे.

२. जिल्ह्यातील शीतकपाटाचा वापर यंत्रापेक्षा वीजपुरवठ्याच्या दर्जाने अधिक घडविला. स्टॅबिलायझर, गोठविलेल्या बाटल्या आणि वीज आल्यावर थांबण्याची सवय ही त्या इतिहासाची चिन्हे होत.

३. कार्यक्षम वापराचे नियम सार्वत्रिक असले तरी त्यांचा क्रम स्थानिक असतो. वाशीमसारख्या तप्त व धुळीच्या प्रदेशात जागा, रबर, जाळीची सफाई आणि माठाशी कामाची वाटणी यांना अग्रक्रम द्यावा लागतो.

४. एखादी वस्तू घरात आहे एवढ्यावरून त्या घराची संपन्नता ठरविता येत नाही. ती वस्तू कोणत्या विजेवर, किती खर्चाने आणि कशासाठी चालते, हे पाहिल्याशिवाय केलेली गणना अपुरीच राहते.

जुन्या पिढीतील गृहिणी रात्री झोपण्यापूर्वी दूध झाकले की नाही, शिंके बांधले की नाही, माठ भरला की नाही हे पाहत असे. शीतकपाटाचे दार नीट लागले की नाही हे पाहणारा आजचा हात त्याच सावधपणाचा वारस आहे. तो सावधपणा टिकला, तर यंत्रही टिकते आणि अन्नही.